मीटरमहाराजांची शांतिपेटी

लेथवाल्याच्या शेडमध्ये त्या संध्याकाळी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. गल्लीतले सगळे कारखानदार होते, त्यांचे कामगार होते, बायका होत्या, कडेवरची पोरं होती, आणि आत जागा मिळाली नाही म्हणून खिडकीच्या गजांना लटकलेले रिकामटेकडेही होते. मधोमध लेथ घरघरत होता. त्याच्या मोटारीच्या वायरला टाँगटेस्टरचा चिमटा लावलेला होता आणि शेडमधला प्रत्येक डोळा त्या चिमट्यावरच्या आकड्याकडे लागला होता.

टाँगटेस्टर म्हणजे वायर चिमट्यात धरली की तिच्यातून किती करंट वाहतोय ते सांगणारं, मुठीत मावणारं यंत्र. माझ्या गळ्यात जसा स्टेथोस्कोप, तसा आमच्या गल्लीत प्रत्येकाच्या खिशात टाँगटेस्टर. मोटार गुरगुरली, लाव चिमटा. अँपिअर जास्त दिसले की मोटार आजारी, कमी दिसले की ठणठणीत. ही गल्ली सख्ख्या बापावर विश्वास ठेवणार नाही, पण टाँगटेस्टरच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

खुर्चीवर महाराज बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, लोण्यासारखा आवाज, आणि मांडीवर एक राखाडी पेटी, जेवणाच्या डब्याएवढी. त्या पेटीचं नाव शांतिपेटी. महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. भक्त त्यांना नुसतं महाराज म्हणत, मी मीटरमहाराज म्हणत असे, आणि तेही दवाखान्याचं दार लावून.

"वीज ही आई आहे," महाराज सांगत होते. "तुम्ही तिला उसंत देत नाही, नुसती राबवता. मग आई रागावते आणि तिचा राग बिलात उतरतो. मी काही करत नाही. मी फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवतो."

पेटीची वायर मोटारीच्या वायरीला जोडलेली होती. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि तळवा पेटीवर ठेवला. चिमट्यावरचा आकडा बारावर होता, तो घसरून सातावर आला. लेथ मात्र त्याच वेगानं फिरत राहिला, त्याच्या आवाजात कणाचाही फरक पडला नाही. शेडमधून असा गलका उठला की कडेवरची पोरं रडायला लागली. महाराजांनी हात उचलला, आकडा पुन्हा बारावर. हात ठेवला, पुन्हा सात.

तेवढ्यात मागून तारकाका बोलले. जळालेल्या मोटारींमध्ये नवी तार भरून देणं हा त्यांचा धंदा, म्हणून तारकाका. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाना धरायला शिकवलेला. ते फक्त एवढंच म्हणाले, "पेटी उघडून दाखवा की."

महाराजांनी ऐकलंच नाही. काका पुढे आले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. लेथवाल्याच्या हातात लेथची चावी होती, मनगटाएवढ्या जाडीची, लोखंडी. हा लेथवाला काकांच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला. त्यानं ती चावी काकांच्या कपाळावर घातली. काका खाली बसले, आणि बसलेल्या माणसाला आणखी दोघांनी लाथा घातल्या. श्रद्धा नाही तर यायचं कशाला, असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. महाराजांनी एक डोळा उघडला. "मारू नका रे त्याला," ते म्हणाले, "आईच बघून घेईल." यावर लोक म्हणाले, काय दया आहे बघा.

मी काकांना उचललं तेव्हा माझे हात रक्तानं चिकट झाले होते. राग डोक्यात ठेवून टाके घालता येत नाहीत, म्हणून आधी दवाखान्याबाहेर जाऊन उभी राहिले, मग सुई हातात घेतली.

आता हे सगळं का चाललं होतं ते सांगते.

आमची गल्ली छोट्या कारखान्यांची. लेथ, बेकरी, पॉलिश, वेल्डिंग, बर्फ, काकांचं दुकान आणि शेवटी माझ्या थोरल्या भावाची लॉन्ड्री, अशा सात शेडी. इस्पितळाच्या चादरी आमच्याकडे धुवायला येतात. वडिलांनी ही लॉन्ड्री उभी केली आणि दुसऱ्यांच्या मळक्या चादरींवर मला डॉक्टर केलं. ते गेल्यावर यंत्रं दादाकडे आली, पण शेड दोघांच्या नावावर राहिली. म्हणजे ती कुठे गहाण ठेवायची तर माझी सही लागणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा मार त्यापायीच आहे.

विजेच्या बिलांनी गल्लीचं कंबरडं मोडलं होतं. जुन्या मोटारी, उघडे वाफेचे नळ, सगळीकडून फुसफुसणारे हवेचे पाइप. मग बँकेनं एक योजना आणली. नव्या मोटारी, नळांना वेष्टण आणि छपरांवर सौरपॅनेल यांसाठी कर्ज द्यायचं, आणि वाचलेल्या बिलातून हप्ते फेडायचे. पण एकेका फाटक्या कारखान्याला बँक दारात उभं करत नव्हती, म्हणून अट अशी की सातही जणांनी एकमेकांना जामीन राहायचं. एकानं माघार घेतली तर कुणालाच काही नाही. सगळे तयार झाले. बँकेचा माणूस आला, चष्मा नाकावर सरकवत शेडीशेडीतून फिरला, काय काय मोजलं, आणि म्हणाला की आधी गळत्या बुजवा, मग पॅनेलचं बघू. इथेच गल्लीचा हिरमोड झाला. चमत्कार मागायला गेलेल्या माणसाला भोकं बुजवायला सांगितली की त्याचं तोंड उतरणारच.

आणि नेमके तेव्हा महाराज उगवले. त्यांनी बँकेचीच भाषा उचलली, फक्त मोजमाप वगळलं. बँकेला व्याज कशाला देता, ते म्हणाले, माझी पेटी घ्या आणि बचतीतून फेडा. आज एक छदामही नको. सातही जणांनी मिळून माझ्या मंडळाकडे शेडी आणि यंत्रं नुसती नावाला गहाण ठेवा, श्रद्धेची खूण म्हणून. आणि एक व्रत पाळा. दुपारी जेवणानंतर सगळी यंत्रं बंद ठेवून मौन धरायचं, आणि संध्याकाळी शेड बंद करताना मेन स्विचही पाडायचा. आईला विश्रांती.

बघण्यासाठी म्हणून पेट्या फुकट लावल्या गेल्या, मौन सुरू झालं. महिना सरला, बिलं आली, आणि सातही शेडींची बिलं खरोखरच उतरली होती. त्या दिवसापासून गल्लीत शंका काढणं म्हणजे आईला शिवी देणं झालं. मोजमाप पुरं करायला आलेल्या बँकेच्या माणसाला गल्लीच्या तोंडाशीच गाठून बदडलं. त्याची बरगडी मोडली आणि चष्म्याचा चुरा झाला. मारणाऱ्यांत वेल्डिंगवाला होता, पॉलिशवाला होता, आणि मारून झाल्यावर दोघंही माझ्याकडे हाताला लावायला मलम मागायला आले. मी दिलं. डॉक्टरला निवड नसते, पण मनात शिव्या द्यायला कुणी बंदी घातलेली नाही.

तारकाकांचं कपाळ फुटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा मला न्यायला आला. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत वहिनी चादरींच्या घड्या घालत होती. टेबलावर गहाणखत होतं. सहा जणांच्या सह्या झाल्या होत्या. काकांची सहीसुद्धा, त्यांच्या मुलाला दमदाटी करून घेतलेली. उरलो होतो आम्ही.

"सही कर," दादा म्हणाला. "माझ्यामुळे गल्ली बुडाली असं कुणी म्हणायला नको."

मी म्हटलं, पेटी उघडून बघू, आत काय आहे ते कळलं की लगेच सही करते. पुढे आणखी काही बोलणार होते. दादाचा हात कधी उठला ते मला दिसलं नाही. उजव्या कानाखाली असा बसला की मी चादरींच्या ढिगावर जाऊन पडले आणि त्या कानात एक बारीक शिट्टी सुरू झाली, जी नंतर कितीतरी दिवस थांबली नाही. दादानं मला लहानपणीसुद्धा कधी बोट लावलं नव्हतं. सायकल मी मोडायची आणि मार त्यानं खायचा, अशी आमच्या घरातली वाटणी होती.

वहिनी घडी हातात धरून तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, करून टाका ना सही. हे रात्री झोपत नाहीत."

मला वाईट वाटलं ते कानाचं नव्हे. दादा स्वतःच्या तळव्याकडे बघत उभा होता, जणू तो कुणा दुसऱ्याचा आहे, आणि तरीही तोंडानं सही कर, सही कर असंच म्हणत होता. मी उठून निघून आले. संध्याकाळपर्यंत माझ्या दवाखान्याच्या काचा फुटल्या आणि दारावर कुणीतरी काळं ऑइल ओतलं.

घोळ सुटला तो बेकरीवाल्यामुळे. त्यानं आपली पेटी भट्टीच्या भिंतीला टांगली होती, आईला ऊब मिळावी म्हणून. त्या पेटीवर तो दर सकाळी कामाला लागण्याआधी तळवा ठेवायचा. एका सकाळी तळवा ठेवला आणि पेटी फुटली. धावत आणला त्याला. पंजा भाजला होता, दोन बोटांची साल निघाली होती आणि मांसात काहीतरी चमकत होतं. मी चिमट्यानं एकेक तुकडा काढत गेले. केसापेक्षा पातळ, चांदीसारखी पट्टी, वितळलेल्या प्लास्टिकला चिकटलेली. वेदनेनं तो ओठ चावत होता आणि तरी पुटपुटत होता की चूक माझीच, माझी श्रद्धा कमी पडली.

शेजारच्या खाटेवर टाके घातलेले तारकाका पडून होते. त्यांनी मान वळवून बशीतल्या तुकड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "हा तर कपॅसिटर. वीज साठवून परत सोडतो, पंख्यात असतो तो. भंगारवाल्याकडे ढिगानं मिळतो, आणि भट्टीशी टांगला तर फुटणारच."

म्हणजे पेटी उघडली होती, फक्त माणसाच्या हातात. पण कोडं संपलं नव्हतं. पंख्यातल्या कपॅसिटरनं आकडा बारावरून सातावर कसा येतो? आणि बिलं उतरली ती कशी? पहिल्याचं उत्तर ना काकांकडे होतं ना माझ्याकडे. मी इस्पितळात बँकेच्या माणसाकडे गेले. बरगडी मोडलेल्या माणसानं हसू नये, पण तुकडे दाखवल्यावर तो हसला आणि मग कळवळला. टाँगटेस्टर लावला होता ना, त्यानं विचारलं. आणि मीटरकडे कुणी बघितलंच नाही ना? मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, आणि परीक्षा कशी घ्यायची तेही सांगितलं.

दुसरं कोडं मात्र माझं मीच सोडवलं, आणि सुटलं तेव्हा स्वतःला मूर्ख म्हणून घेतलं. आमच्या धंद्यात लबाड डॉक्टर साखरेची गोळी देतो आणि वर सांगतो की चार दिवस पडून राहा, पाणी उकळून प्या. ताप पडून राहिल्यानं उतरतो आणि नाव गोळीचं होतं. महाराजांची पेटी ही गोळी होती आणि मौन ही विश्रांती.

मी दादाला निरोप पाठवला की सही करते. पण लॉन्ड्रीत, सगळ्यांसमोर, आणि महाराजांनी पेटीवर हात ठेवलेला असताना. दादानं वहिनीकडून कळवलं की महाराजांना आनंद झाला आहे.

त्या दिवशी अख्खी गल्ली लॉन्ड्रीत लोटली. महाराजांच्या दोन्ही बाजूंना त्यांचे चेले होते, आडदांड, हात छातीवर बांधलेले. मागे लाकडाच्या बॉयलरवर इस्त्रीची वाफेची प्रेस तापत होती, उद्याच्या चादरींसाठी. मी दादाला म्हटलं की विजेवरचं बाकी सगळं बंद कर, फक्त भिंतीतला मोठा हवा खेचणारा पंखा चालू ठेव, त्याचा वेग कमीजास्त होत नाही. दादानं ठेवला आणि महाराजांच्या पेटीची वायर त्या पंख्याला जोडली. मग मी टाँगटेस्टर पंख्याच्या वायरला लावून लेथवाल्याच्या हातात दिला.

"डॉक्टर, आता कसली परीक्षा?" लेथवाल्यानं विचारलं. त्याला माझ्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

"परीक्षा नाही," मी म्हटलं. "टाळ्या वाजवायच्या आहेत."

भिंतीवर विजेच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. तुमच्याही मीटरवर असेल, बघा. वीज खर्च होते तसा तो लुकलुकतो. जास्त खर्च, जास्त लुकलुक. बिल त्यावरून येतं, टाँगटेस्टरवरून नाही. मी लोकांना सांगितलं की दिवा लुकलुकला की टाळी, पुन्हा लुकलुकला की टाळी. मी सुरुवात केली. पोरांना गंमत वाटली, ती लागली वाजवू. मग बायका, मग कामगार. थोड्या वेळात सगळी लॉन्ड्री एका तालात टाळ्या वाजवायला लागली. महाराजांना वाटलं ही भक्ती. ते प्रसन्न हसले, डोळे मिटले आणि पेटीवर तळवा ठेवला.

"बारा होते, सात झाले," लेथवाला ओरडला.

टाळ्या चालूच होत्या. दिवा लुकलुकत होता आणि टाळी पडत होती. ताल जरासुद्धा हलला नाही. महाराजांनी हात उचलला, लेथवाला बारा म्हणाला, ताल तोच. पुन्हा ठेवला, सात, ताल तोच. डोळे मिटून महाराज तल्लीन झाले होते, पण टाळ्या वाजवणाऱ्यांचे चेहरे बदलत चालले होते. आधी एक कामगार थांबला. मग बर्फवाला. मग एकेक हात हवेतच राहिला. शेवटी एकटा दादा उरला. तो मीटरकडे बघत एकटाच टाळ्या वाजवत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"आई शांत झाली म्हणता," मी महाराजांना विचारलं, "मग तिनं बिल कमी का नाही केलं?"

त्यांनी डोळे उघडले. मी त्यांचं मनगट धरून तळवा उलटा केला. पेटीवर, तळव्याच्या टाचेखाली बरोबर येईल असं, एक छोटं बटण होतं.

मग मी जेवढं समजून घेतलं होतं तेवढं सांगितलं. मोटार दोन प्रकारचा करंट ओढते. एक काम करतो, पंखा फिरवतो. दुसरा काहीच काम करत नाही, मोटारीतलं चुंबक जागं ठेवायला नुसता आत-बाहेर करत राहतो. दारावरचा पहारेकरी ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला मोजतो, तसा टाँगटेस्टर दोन्ही करंट मिळून मोजतो. पण पगार फक्त काम करणाऱ्यालाच द्यायचा असतो, आणि आपल्या शेडींना लावलेला मीटर त्यालाच मोजतो. पेटीतला कपॅसिटर त्या नुसत्या ये-जा करणाऱ्या उनाडांना मोटारीजवळच ओट्यावर बसवून ठेवतो. दारातली गर्दी कमी दिसते, पगार तेवढाच राहतो. मोठ्या कारखान्यांना या गर्दीचाही दंड बसतो, तिथे असा कपॅसिटर खरोखर लावतात, आणि तो दुकानात उघड मिळतो, त्याला महाराज लागत नाही. बिलं उतरली ती मौनामुळे. संध्याकाळी मेन स्विच पाडल्यावर गळक्या पाइपांत हवा भरत बसणारी यंत्रं थांबली. बंद यंत्राचं बिल कोण पाठवणार? दुपारी काम बंद ठेवून माल किती कमी निघाला, ते मात्र कुणी बघितलं नाही. बँकेचा माणूस हेच सांगत होता, आणि त्याची बरगडी तुम्ही मोडलीत.

मला वाटलं होतं की आता लोक विचार करतील. माझी ही खोड जुनी आहे, मला नेहमी तसं वाटतं. दोन्ही चेले मागच्या दारानं केव्हाच पसार झाले होते. पहिला ठोसा वेल्डिंगवाल्यानं मारला. महाराजांच्या तोंडातून रक्त आलं आणि ते बघून बाकीच्यांना चेव चढला. पांढरे कपडे फाटले. कुणी केस ओढत होतं, कुणी पोटात लाथा घालत होतं. ज्यांच्या टाळ्या नुकत्याच एका तालात पडत होत्या त्यांच्याच लाथा आता एका तालात पडत होत्या. लेथवाला टाँगटेस्टर फेकून देऊन पाना शोधत होता.

आणि त्या गर्दीतून दादानं महाराजांना ओढून काढलं. मला क्षणभर वाटलं, वाचवतोय. त्यानं त्यांना फरफटत प्रेसपाशी नेलं, त्यांचा उजवा हात, तोच तळवा, खालच्या गादीवर दाबला आणि दुसऱ्या हातानं वरचा तवा खाली आणायचा दांडा धरला. त्या तव्याला नुसतं बोट लागलं तरी चामडी सुटते. माणूस जनावरासारखा ओरडत होता. गल्ली म्हणत होती, दाब, दाब.

माझ्याकडे विचार करायला वेळ नव्हता. मी माझा हात त्या हातावर नेऊन ठेवला. तवा खाली येतच होता. त्याची कड माझ्या कोपराजवळ टेकली आणि मला माझ्याच मांसाचा वास आला.

"हात काढ," दादा ओरडला.

"परवा मला मारलंस तेव्हाही तुला वाटत होतं की तुझंच बरोबर आहे," मी म्हटलं. वेदनेनं शब्द तुटत होते. "आज खरंच तुझं बरोबर आहे. पण हात तोच आहे, दादा."

त्यानं दांडा सोडला. तवा वर गेला. दादा तिथेच जमिनीवर बसला, आणि वहिनीनं कुणालाही न विचारता मेन स्विच पाडला. पंखा थांबला. इतकी शांतता त्या लॉन्ड्रीत मी कधी ऐकली नव्हती, एक कान शिट्टी वाजवत असूनही.

महाराजांना मी माझ्याच दवाखान्यात नेलं, फुटक्या काचांच्या मधून. ओठाला टाके घातले, बरगड्या तपासल्या, पोलिसांना बोलावलं. पोलीस येईपर्यंत ते रडत होते. आधी त्यांचं पंखे दुरुस्त करायचं दुकान होतं म्हणे, बिलापायी बुडालं. शेजारच्या खाटेवरून तारकाका म्हणाले, "म्हणजे आमच्यातलाच की रे तू." मला त्या माणसाची दया आली नाही, खोटं कशाला बोलू. पण त्याचा तळवा शाबूत होता आणि त्याचं मला समाधान होतं.

पुढचं फार गोड नाही. बँकेची मुदत टळली होती. पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. बँकेचा माणूस बरगडी सांभाळत, नवा चष्मा लावून आला आणि त्यानं वेल्डिंगवाल्यासमोर उभं राहून, जिथे मोजमाप थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू केलं. सात जणांनी एकमेकांना जामीन राहून सह्या केल्या, माझीही झाली. आधी गळत्या बुजल्या, नळांना वेष्टण चढलं, मोटारी बदलल्या, आता छपरांवर पॅनेल चढताहेत. बिल उतरतंय, सावकाश, आणि त्यात कसलाही चमत्कार नाही. बेकरीवाल्याची दोन बोटं वळत नाहीत. त्यानं पेटीचा सांगाडा अजून भिंतीवर ठेवला आहे, असू दे म्हणतो, नुकसान काय. लेथवाला काकांची माफी मागायला रोज येतो. काका त्याला बसवून ठेवतात आणि कामाला लावतात, माफीचं अजून काही बोललेले नाहीत.

माझ्या उजव्या कानाला कमी ऐकू येतं, ते आता तसंच राहणार. दादा येतो तेव्हा न बोलता माझ्या डाव्या बाजूची खुर्ची ओढून बसतो.

आता तुम्हाला सांगते, कारण अशी पेटी तुमच्याही गल्लीत येईल. तिचं नाव वेगळं असेल, तिच्यावर हात ठेवणाऱ्याचे कपडे वेगळे असतील, तो कदाचित इंग्रजीत बोलेल. तो जे मोजून दाखवतो ते बघू नका, तुमचे पैसे ज्यावर मोजले जातात ते बघा. बरं वाटलं तर कशानं वाटलं ते शोधा. आणि कुणाला मारायला हात शिवशिवले, तो खोटं बोलतोय म्हणून असो की खरं बोलतोय म्हणून, तर तो हात आधी खिशात घाला. तारकाकांच्या कपाळावर जो व्रण आहे तो कशासाठी पडला? ते फक्त म्हणाले होते, पेटी उघडून दाखवा. यापुढे कुणी असं म्हणालं, तर त्याच्यासाठी जागा करून द्या आणि पेटी उघडा.